मुंबई-दुबई सव्वातीन तास, बोरी-दुबई वीस तास: निर्यातीचं स्वप्न बघताना अंतर असं मोजा



गेल्या व्हिडिओत आपण निर्यातीची प्राथमिक कागदपत्रं बघितली. त्यानंतर एक प्रश्न फार जणांनी विचारला, तोही जवळपास एकाच वाक्यात: "सर, दुबई तर तीन तासांवर आहे, मग एकदा जाऊनच येऊ का?"

प्रश्न साधा वाटतो, पण या एका वाक्यापायी लोक सोनं गहाण ठेवतात आणि बचत गटातून कर्ज उचलतात. कुठल्या तरी 'व्यापारी दौऱ्या'च्या पॅकेजला पैसे भरतात आणि परत येतात तेव्हा हातात चाळीस व्हिजिटिंग कार्डं असतात, ऑर्डर एकही नसते. म्हणून आज दुबईचं अंतर नीट मोजू. आधी किलोमीटरमध्ये, मग तासांमध्ये, आणि शेवटी तुमच्या मालाच्या किलोमध्ये. खरा हिशोब तिथेच लागतो.

उदाहरणासाठी मी मुद्दाम बोरी घेतलंय. बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं गाव. तुम्ही बोरीचे नसाल तर आपापल्या गावाचं नाव घाला, गणित तेच राहतं.

नकाशावरचं अंतर

मुंबई विमानतळ ते दुबई विमानतळ हे सरळ हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर आहे. इंटरनेटवर शोधलंत तर कुठे १,२०० दिसेल, कुठे १,०४० दिसेल. गोंधळू नका. १,२०० हे मैल आहेत आणि १,०४० हे सागरी मैल. विमान आणि जहाजवाले सागरी मैलात बोलतात, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत. काही ठिकाणी विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरून मोजतात, म्हणून दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे होतात. त्याने आपलं काही अडत नाही.

'सरळ' म्हणजे काय, तेही समजून घ्या. पृथ्वी गोल आहे. गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला की जी रेघ मिळते ती सरळ. विमान बरोबर त्याच रेघेवरून उडत नाही. हवेतही ठरलेले मार्ग असतात, वळणं असतात, कुणाची हद्द बंद असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या बऱ्याच विमानांना वळसा घालावा लागला. नकाशावरचं अंतर एका मीटरनेही वाढलं नव्हतं, पण प्रवासाचा वेळ वाढला.

आता वेळ. विमान वरती गेल्यावर ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरने जातं. त्या हिशोबाने १,९३० किलोमीटरला सव्वादोन-अडीच तास पुरायला हवेत. पण धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं, दुबईवर घिरट्या घालणं हे सगळं धरून तिकिटावर तीन-सव्वातीन तास लागतात. येताना थोडे कमी लागतात, कारण उंचावरचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीवर घेतो. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो.

एक गंमत सांगतो. पहिल्यांदा जाणारा माणूस तिकीट बघून हमखास खूश होतो. मुंबईहून सुटायची वेळ संध्याकाळी ७, दुबईला पोचायची वेळ रात्री पावणेनऊ. "पावणेदोन तासांतच पोचलो की!" तसं नाही. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, आणि तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. पावणेनऊमध्ये दीड तास मिळवा, आपल्याकडे सव्वादहा वाजलेले असतात. येताना उलटं होतं: तीन तासांचा प्रवास साडेचार तासांचा दिसतो. परतीची पुढची गाडी ठरवताना हा दीड तास विसरलात तर गाडी चुकलीच समजा.

आता बोरीतून मोजू

तुमचा प्रवास मुंबई विमानतळावर सुरू होत नाही. तो बोरीच्या स्टँडवर सुरू होतो.

बोरी ते परभणी हा रस्ता तासाभराचा धरा. परभणी ते मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटर. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या जुन्या गाड्या तुम्हाला माहीतच आहेत. रात्रीच्या गाडीने दहा-अकरा तास जातात. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-जालना वंदे भारत नांदेडपर्यंत वाढली आणि परभणीला थांबू लागली. ती पहाटे पावणेसहाच्या सुमारास परभणीहून निघते आणि दुपारी अडीचच्या आसपास सीएसएमटीला पोचते. वेळापत्रक बदलत राहतं, शिवाय ही गाडी आठवड्याचे सातही दिवस नसते. म्हणून तिकीट काढताना वार तपासा.

तर सकाळी चारला बोरी सोडलं. त्या वेळी एसटीच्या भरवशावर राहू नका, शेजारच्या पोराला मोटारसायकल काढायला सांगा नाहीतर रात्रीच परभणी गाठा. अडीचला मुंबई. सीएसएमटीहून आता भुयारी मेट्रो थेट विमानतळाच्या टर्मिनल २ ला जाते. कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि मराठवाड्यातून येणाऱ्या माणसाची फार मोठी सोय झाली. बॅगा घेऊन दादरला लोकल बदलायची कटकट संपली. चारच्या सुमारास तुम्ही विमानतळावर.

तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा, हे आता सांगावं लागतं. नवी मुंबईचा विमानतळही २०२५ च्या डिसेंबरात सुरू झालाय. दोघांमध्ये मुंबईच्या ट्रॅफिकची आख्खी खाडी आहे.

आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं असतं, आणि सामान घ्यायचं काउंटर सहसा सुटायच्या तासभर आधी बंद होतं. "विमान सातचं आहे ना, साडेसहाला जातो" हे आपल्या स्टँडवर चालतं. तिथे दरवाज्यातून परत पाठवतात आणि पैसेही जातात.

सातला विमान. आपल्या घड्याळात सव्वादहाला दुबई. मग पासपोर्टची रांग, सामान, बाहेर येणं, याला तास. दुबई मेट्रोची रेड लाईन टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ च्या दारातून मिळते, टर्मिनल २ ला स्टेशन नाही. स्वस्तातली काही विमानं टर्मिनल २ ला उतरतात. तिकिटात वाचवलेले पैसे मग टॅक्सीला जाऊ शकतात, म्हणून तेही आधी बघा. मुक्कामी पोचेपर्यंत आपल्याकडे रात्रीचे पावणेबारा वाजलेत.

पहाटे चार ते रात्री पावणेबारा. वीस तासांना पंधरा मिनिटं कमी. त्यातले विमानात फक्त सव्वातीन. १,९३० किलोमीटर समुद्र ओलांडायला सव्वातीन तास आणि आपल्याच महाराष्ट्रातले साडेपाचशे किलोमीटर कापायला जवळपास नऊ तास! 'दुबई तीन तासांवर' हे वाक्य अंधेरीत राहणाऱ्या माणसाचं आहे. आपण ते उसनं घेऊ नये.

नांदेडला विमानतळ आहेच, गुरुगोविंदसिंगजींच्या नावाचा. तिथून मुंबईला जाणारं विमान तुमच्या तारखेला असेल आणि दर परवडत असेल तर जरूर बघा. पण तिथली उड्डाणं कधी सुरू असतात कधी बंद असतात, त्यामुळे सगळी योजना त्याच्यावर उभी करू नका. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, ७०१ किलोमीटर. जालन्याला वर चढलात तर गाडीने मुंबई गाठता येते. चार जण मिळून जात असाल तर हा पर्याय वाईट नाही. एकट्यासाठी गाडी म्हणजे खिशाला भोक.

परतीचं बोलू. दुबईहून रात्री दहाला निघालात तर मुंबईला आपल्या घड्याळात अडीच वाजता उतरता. त्या वेळी ना मेट्रो, ना लोकल. सकाळपर्यंत विमानतळावर बसायचं, नाहीतर टॅक्सी. मग सकाळची तपोवन किंवा दुपारची वंदे भारत. वंदे भारत धरली तर परभणीला रात्रीचे पावणेदहा-दहा होतात, म्हणजे बोरीला जायला पुन्हा कुणालातरी बोलवायचं. मिळून काय झालं? जायला एक पूर्ण दिवस, यायला एक रात्र आणि एक दिवस. तीन दिवसांचं प्रदर्शन बघायचं तर दुकान सहा दिवस बंद.

वर एक दिवस जादा हाताशी ठेवा. हे घाबरवायला सांगत नाही. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत इतका पाऊस पडला की तिथे १९४९ पासून नोंदी ठेवतात तेव्हापासूनचा तो विक्रम ठरला. विमानतळावर पाणी भरलं, हजारो लोक अडकून पडले. २३ जून २०२५ ला आखातातल्या तणावामुळे कतारसह काही देशांनी हवाई हद्द बंद केली आणि दुबईच्या विमानांचंही वेळापत्रक विस्कटलं. ज्याचं परतीचं काम दुसऱ्याच दिवशी ठरलेलं असतं, त्याला असे प्रसंग महागात पडतात. परतल्याबरोबर लग्नाची ऑर्डर घेऊन ठेवू नका, एवढंच.

तासांचं झालं, आता किलोचं

मला विचाराल तर दुबई किती लांब आहे याचं खरं उत्तर किलोमध्ये द्यायला हवं.

समजा तुम्ही बोरीत हळद पावडर, काळा मसाला, कुरडया करता. दुबईचा दौरा तिकीट, व्हिसा, मुक्काम, जेवण, नमुने, मुंबईपर्यंतचं जाणं-येणं धरून ६०,००० रुपयांत बसला. हा आकडा मी समजण्यासाठी घेतलाय, तुमचा कमी-जास्त असेल. सहा दिवस धंदा बंद, रोजचे सुटणारे २,००० धरले तर १२,००० बुडाले. एकूण ७२,०००. तुमच्या हळदीवर सगळा खर्च वजा जाता किलोमागे ४० रुपये उरतात. ७२,००० भागिले ४०, म्हणजे १,८०० किलो.

तर तुमच्यासाठी दुबई १,८०० किलो हळद लांब आहे. एवढी हळद जास्तीची विकली, तेव्हा कुठे तुम्ही पुन्हा बोरीच्या स्टँडवर, जिथून निघालात तिथे, येऊन उभे राहता. नफा त्याच्या पुढे सुरू होतो. स्वतःला विचारा, गेल्या वर्षभरात मी एकूण किती किलो विकली? उत्तर सहाशे किलो असेल, तर दुबईचं विमान सध्या तुमच्यासाठी उडत नाही. बारा टन असेल तर विचार करायला हरकत नाही.

दौऱ्याची पॅकेजं विकणारा हा भागाकार तुम्हाला कधीच करून दाखवणार नाही. तो बुर्ज खलिफाचा फोटो दाखवतो.

माल विमानाने पाठवायचा की जहाजाने?

इथे अंतर पुन्हा वेगळं होतं. विमानाने जाणारा माल नुसत्या वजनावर मोजत नाहीत, तो किती जागा खातो हेही बघतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि ६,००० ने भागा. जे येईल ते 'आकाराचं वजन'. खरं वजन आणि आकाराचं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. कुरिअरवाले बहुतेक ६,००० ऐवजी ५,००० ने भागतात, म्हणजे आणखी महाग.

करून बघू. खोकं ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटर. गुणाकार ९६,०००. ६,००० ने भागलं, १६ किलो. आता या खोक्यात कुरडया भरा. कुरडई म्हणजे अर्धी हवाच. पाच-सहा किलो बसल्या तर खूप, तरी भाडं मात्र १६ किलोचं! कुरिअरने पाठवल्या तर १९ किलो २०० ग्रॅमचं. त्याच खोक्यात हळद पावडरची पाकिटं ठासून भरली तर खरं वजनच १६ च्या वर जातं, हवेचे पैसे भरावे लागत नाहीत. पापडाचं साधारण हळदीसारखंच, चळत नीट लावली तर. शेवया कुरडईच्या बहिणी. म्हणून पहिल्या नमुन्यासाठी काय पाठवायचं हे चवीवर ठरवू नका, आधी खोकं मोजा. आपल्या बायका कुरडई अशी झकास करतात की कुणालाही वाटावं हीच पाठवावी. पाठवा, पण जहाजाने आणि दुसऱ्या जड मालासोबत.

न्हावा शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदरात जायला जहाजाला साधारण तीन ते पाच दिवस लागतात. ऐकून बरं वाटतं. पण बंदरात माल पोचवणं, कस्टम, जहाजाची वाट बघणं, तिकडे उतरवणं, तपासणी हे धरून दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. हळद, मसाला, डाळ यांना तीन आठवड्यांनी काही होत नाही. खवा किंवा ताजी भाजी असती तर गोष्ट वेगळी. सहा-सहा महिने टिकणारा माल विमानाने पाठवायची घाई फक्त नमुन्यापुरती. टिकवण्याचा कालावधी कसा ठरवायचा हे कळत नसेल तर परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, त्यांचं अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. तुमच्यापासून तासाभरावर. दुबईच्या आधी तिथे जा.

बॅगेत नमुने नेताय? मग हा भाग दोनदा वाचा

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुणी सांगत नाही.

आपल्या काळ्या मसाल्यात, गोड्या मसाल्यात बऱ्याच घरी खसखस घालतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत आहे. अमली पदार्थांच्या कायद्याखाली. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी वस्तू तिथे बॅगेत सापडली तर ताब्यात घेतात, खटला होऊ शकतो. "मला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही. तुमच्या मसाल्याच्या पाककृतीत खसखस असेल तर दुबईसाठी वेगळा घाणा काढा, खसखशीशिवाय. त्याच खलबत्त्यात, त्याच चक्कीत आधी खसखस दळली असेल तर ती धुऊन-पुसून कोरडी करा आणि मगच हा घाणा घ्या. पाकिटावर घटक पदार्थ खरे लिहा. अनारशांवरची खसखस लक्षात आहे ना? शेजारीण प्रेमाने डबा देईल, "माझ्या भाच्याला द्या तिकडे" म्हणून. डबा उघडून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. कितीही जवळची असली तरी.

गुटखा, तंबाखू, पान घरीच सोडून जा. औषधं नेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी, आणि झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या असतील तर तिकडे चालतात का हे आधी तपासायलाच हवं.

दुसरी अडचण मुंबईतच येते. सुकं खोबरं प्रवासी सामानात चालत नाही. ते तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानवाले त्याला धोकादायक मालात धरतात. तिखट हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. लोणचं हातातल्या बॅगेत नेलं तर १०० मिलिलिटरच्या नियमात अडकतं. म्हणजे आपल्या मराठी मसाल्याचा आख्खा डबा या ना त्या नियमात बसतो! उपाय एकच: नमुने छोट्या, सीलबंद, नाव-घटक-तारीख छापलेल्या पाकिटांत भरा, मोठ्या बॅगेत टाका, आणि विमान कंपनीच्या नियमांच्या पानाची प्रत खिशात ठेवा. घरगुती स्टीलच्या डब्यात, वर फडकं बांधून नमुने न्यायचे दिवस गेले.

आणि तिकडे दुकानात विकायचा माल असेल तर पाकिटावर अरबीतही मजकूर लागतो. सुरुवातीला वेगळं पाकीट छापायची गरज नाही, नियमात बसणारं स्टिकर चालतं. तो मजकूर तिकडचा खरेदीदारच बहुतेक वेळा देतो.

मग जायचंच नाही का?

जायचं की. पण शेवटी.

मराठी माणसाने दुबईत काय केलं ते धनंजय दातारांकडे बघून कळतं. त्यांचे वडील महादेव दातार यांनी तिथे छोटं किराणा दुकान टाकलं आणि १९८४ मध्ये धनंजयराव वडिलांच्या हाताशी गेले. त्याच 'अल अदील'ची पुढे दुकानांची साखळी झाली, स्वतःच्या पिठाच्या आणि मसाल्याच्या गिरण्या झाल्या, लोक त्यांना 'मसाला किंग' म्हणू लागले. हे आपण सगळे टाळ्या वाजवत ऐकतो. मी त्यातलं वेगळंच बघतो. ते तिथे राहिले. गिऱ्हाईक काउंटरसमोर उभं, कोणती डाळ मागतंय, कोणतं पीठ परत देतंय, हे रोज डोळ्यासमोर. तीन दिवसांच्या दौऱ्यात हे कळत नाही. त्यामुळे तिथे आधीच पाय रोवून बसलेल्याला माल पुरवणं हा तुमच्यासाठी सोपा रस्ता आहे. तिथे स्वतः पाय रोवणं हा दुसराच धंदा आहे, त्याला वेगळं भांडवल आणि वेगळं आयुष्य लागतं.

तसं दुबई आपल्याला कधीच परकी नव्हती. १९६६ पर्यंत तिथे रुपया चालायचा, रिझर्व्ह बँकेने आखातासाठी १९५९ पासून वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. एमिरेट्स कंपनी २५ ऑक्टोबर १९८५ ला सुरू झाली तेव्हा पहिलं विमान कराचीला गेलं, आणि सुरुवातीच्या मोजक्या गावांत मुंबई होती. आणि १ मे २०२२ पासून भारत-अमिराती व्यापार करार लागू आहे, त्यामुळे बऱ्याच भारतीय मालावर तिकडे आयात शुल्क कमी किंवा शून्य झालं. तुमच्या मालाचा एचएस कोड काढून सवलत किती हे बघा, आणि त्यासाठी लागणारा मूळ देशाचा दाखला काढायला विसरू नका. दाखला नसेल तर सवलत नाही.

माझं सरळ मत ऐका. तुमची पहिली परदेशवारी वाशीला करा. हसू नका. नवी मुंबईच्या वाशी बाजार समितीच्या मसाला मार्केटमध्ये आखातात माल पाठवणारे व्यापारी बसलेले आहेत. नमुना घेऊन जा, भाव विचारा, नापसंतीची कारणं लिहून घ्या. ओलावा जास्त आहे, रंग फिका आहे, पाकीट फुटतं. हीच कारणं तुम्हाला दुबईत ७२,००० खर्चून ऐकायला मिळणार होती. त्यांच्यामार्फत दोन-तीन वेळा माल जाऊ द्या. नफा कमी सुटेल, पण तुमचा माल समुद्रापार टिकतो का, हे त्यांच्या कागदांवर कळेल.

आपल्या शेजारी वसमत आहे, तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. ते नाव वापरायचा हक्क ठरलेल्या भागातल्या, नोंदणी केलेल्या उत्पादकांनाच असतो. बोरीच्या हळदीवर 'वसमत हळद' छापू नका. नोंदणी असलेल्या शेतकऱ्याकडून माल घेऊन काम करायचं असेल तर तो सौदा वेगळा, आणि चांगला.

हे होईपर्यंत कागदं तयार ठेवा. आयात-निर्यात कोड ऑनलाईन ५०० रुपयांत निघतो, एजंटला पाच हजार द्यायची गरज नाही. अन्नपदार्थ म्हणून एफएसएसएआय परवाना लागेल, हळद-मसाल्यासाठी स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी. पासपोर्ट आत्ताच काढा, आणि जायच्या तारखेपासून तो किमान सहा महिने चालू असला पाहिजे. छोटी पार्सलं पाठवायला टपाल खात्याची डाक निर्यात केंद्रं आहेत, कस्टमचा कागद तिथेच होतो. मोठ्या पोस्टात चौकशी करा.

आणि जाल तेव्हा गल्फूडच्या सुमारास जा. १९८७ पासून भरणारं खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन, वर्षाच्या सुरुवातीला असतं. तारखा आणि जागा दरवर्षी त्यांच्या अधिकृत पानावर बघा, २०२६ पासून ते दोन ठिकाणी भरू लागलं आहे. जायच्या आधी किमान पाच खरेदीदारांशी फोनवर बोलणं झालेलं हवं आणि त्यांची भेटीची वेळ लेखी हवी. प्रदर्शनात नुसतं फिरून ऑर्डर मिळत नाही, पाय दुखतात.

फोन कधी करायचा? तिकडचं ऑफिस नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे साडेदहा झालेले असतात. आल्या-आल्या कुणी बोलत नाही, म्हणून आपल्या साडेअकरा-बाराला करा. संध्याकाळी सहाला ते बंद करतात, म्हणजे आपल्या साडेसातपर्यंत तुम्हाला वेळ आहे. दिवसभर गिरणी चालवून संध्याकाळी निवांत बोलता येतं, हा त्या दीड तासाचा फायदा. २०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी बहुतेक ठिकाणी अर्धा दिवस असतो. शेजारच्या शारजात सरकारी कार्यालयांना शुक्रवारही सुट्टीच. रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात. सोमवार ते गुरुवार, दुपारचा नमाज आणि जेवण सोडून, ही तुमची वेळ.

पुढच्या व्हिडिओत मी कॅमेऱ्यासमोर तीन खोकी मोजणार आहे: एक हळदीचं, एक पापडाचं, एक कुरडयांचं. टेप, काटा आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा, तुमचं खोकंही सोबत मोजा. आकडे आले की खाली लिहा: खोक्याची मापं, खरं वजन, आकाराचं वजन आणि किलोमागे सुटणारे रुपये.